काडतुसाची कड

सुध्या, तू गेल्याचं शैलावहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी पहिलं काय म्हणालो माहितीये? म्हणालो, "असं कसं, गुरुवारी भेटायचं ठरलंय." जसं काही तू मला विचारून जायला हवं होतंस. वहिनी मग म्हणाल्या, "भावजी, तुम्ही या." मुलुंडहून घाटकोपरला रिक्षाने येताना अख्खा वेळ मी तुझ्यावर चिडलेलोच होतो. माणूस मेल्यावर त्याच्यावर चिडायचं म्हणजे मूर्खपणा, कळतं मला. पण आपलं असंच. साठ वर्षं तू शांत बसायचास आणि मी तडतडायचो.

परवा तुझं तेरावं झालं. त्या दिवशी जे झालं ते तुला सांगायला बसलोय. तू असतास तर हसला असतास, चहा टाकायला सांगितलं असतंस, आणि विषय संपला असता. आता सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार.

तुझे आबा. टेकडीवरच्या आपल्या चाळीत सगळे त्यांना भिऊन असायचे, आणि ते कोणालाच काही बोलायचे नाहीत. गिरणीतून आले की पायरीवर बसायचे, उजवा खांदा जरा खाली. तो खांदा तसा का, हे फक्त तुला आणि मला माहीत होतं, कारण आपण विचारलं होतं. "बंदुकीन लाथ मारलेली," म्हणाले. मग तुकड्यातुकड्याने सगळं आलं. मोठ्या लढाईत आफ्रिकेत होते. त्यांच्या तुकडीला रणगाडे फोडायची रायफल दिलेली. सोळा किलोचं धूड, दोघांनी आळीपाळीने वाहायचं. पुढे पाय, मागे दस्त्याला गादी, आणि गादी असूनसुद्धा खांद्याचं हाड हलायचं. एका दुपारी इटालियनांचा एक छोटा रणगाडा समोर आला आणि आबांनी गोळी झाडली.

हे ऐकून आपण काय उड्या मारल्या असतील! "फुटला का आबा? जळला का?" आणि आबा म्हणाले ते मला त्यांच्या आवाजात आठवतं. "फुटाक नाय. रणगाडो थांबलो. मगे मी बघत रवलंय, आतसून कोण भायर येता काय." तू विचारलंस, "मग?" आबा म्हणाले, "कोण इलो नाय." आणि उठून आत गेले.

त्या गोळीचं रिकामं पितळी काडतूस त्यांनी पेटीतून घरी आणलं. माणूस लढाईवरून घड्याळ आणतो, बूट आणतो. आबांनी ते आणलं आणि कधी कोणाला दाखवलं नाही. खंडेनवमीला सुरी, कोयता, कातर यांच्याबरोबर त्याला हळदकुंकू लागायचं, बस. मला तेव्हा वाटायचं, म्हातारा आतून फुशारलेला आहे, फक्त दाखवत नाही. किती वर्षं वाटलं हे मला! कोणी बाहेर आलं नाही, हे वाक्य मी ऐकलं होतं, पण लक्षात ठेवला तो रणगाडा.

आणि मग आपल्याला त्या बंदुकांचं वेडच लागलं. तू शाळेत मास्तर झालास, मी एलबीएस रोडवर टूलरूमला चिकटलो, आणि रविवारी रद्दीच्या दुकानात उकिडवे बसून लढाईची पुस्तकं शोधायचो. जर्मनांनी पहिल्या महायुद्धात काढलेली ती पहिली, एका वेळी एकच गोळी घेणारी. फिनलंडवाल्यांची ती अगडबंब, जिला ते हत्तीबंदूक म्हणायचे. रशियनांची लांबच्या लांब, युद्ध संपेपर्यंत वापरातली. यावर आपलं भांडण किती वर्षं चाललं रे? तू म्हणायचास, "ही बिचारी हत्यारं. रणगाड्याचा पत्रा दर वर्षी जाड होत गेला, आणि ही उचलणारा माणूस तेवढाच राहिला." मी म्हणायचो, बिचारी कसली, झकास हत्यारं, त्या रशियनांच्या गोळ्या तर आजसुद्धा मशीनगनमध्ये चालतात. तू म्हणायचास, "गोळी टिकली रे. बंदूक घेऊन चिखलात पालथा पडलेला माणूस कुठे टिकला?" आमच्या कंपनीत कॉम्प्युटरवाली मशीनं आली आणि माझा लेथ कोपऱ्यात गेला, तेव्हा मला तुझं म्हणणं थोडं पटलं होतं. पण तुला ते सांगेन तर मी कसला!

आता त्या संध्याकाळचं. टाळत होतो, पण टाळून चालणार नाही.

चार वर्षांपूर्वी गणपतीत मंडळाने प्रदर्शन ठेवलं. चाळ पाडून टॉवर झालेला, तू त्याच जागेवर अकराव्या मजल्यावर, आणि तुझ्याच डोक्यातून निघालेलं की जुन्या बिऱ्हाडांतल्या वस्तू मांडू. कोणाचं जातं, कोणाचा स्टोव्ह, कोणाची ग्रामोफोनची तबकडी. मधोमध लाल कापडावर आबांचं काडतूस, आणि तुझ्या सुंदर अक्षरातलं कार्ड. "अँटी-टँक रायफलीचं काडतूस. माझे वडील." आबांवर तू एक छोटं पुस्तक लिहीत होतास, तेही त्या दिवशी जाहीर करणार होतास. चाळीसेक माणसं जमलेली. आणि मी, मला कोणी बोलावलं नव्हतं माइकवर, मी खिशातून मोजायचा व्हर्निअर काढला.

का काढला? हे मी स्वतःला परवापासून विचारतोय. तुझं कौतुक चाललं होतं म्हणून. मास्तर मास्तर करत होते सगळे, आणि मीही काही कमी नाही हे दाखवायची खुमखुमी. दुसरं कारण नाही.

मी म्हणालो, "मास्तर, सॉरी हां. पण हे ते काडतूस नाहीये." आणि समजावून सांगितलं, अगदी रसाळ. त्या इंग्रजी अँटी-टँक रायफलीच्या काडतुसात दारू दाबून भरलेली, म्हणून बुडाशी पितळेची जाड कड असते, कमरेला पट्टा बांधल्यासारखी. पुस्तकात चित्र आहे, आपण दोघांनी पाहिलंय. याला कड कुठे आहे? अंग सरळ, गुळगुळीत. अमेरिकन मशीनगनचं काडतूस लांबीला ह्याचं सख्खं भावंड, नव्याण्णव मिलिमीटर, पण बिनकडेचं. तोंड चेपलेलं, तेव्हा तिथला व्यास मोजण्यात अर्थ नव्हता. बुडावर अक्षरं असती तर वाद नव्हता, पण बूड कोरं. मी लांबी मोजली. भरली अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. "घासून घासून झिजलं," असं मी म्हणालो. "मशीनगनचं आहे. आबांनी कुठून तरी उचललं असणार."

झिजलं म्हणे! सुध्या, अरे मी टूलरूमचा माणूस. चाळीस वर्षं मिलिमीटरचा शंभरावा भाग बघून पोट भरलं. चिंचेने घासून पितळ पॉइंट सहा झिजतं? तेही बुडाला, सारखं, सपाट? माझ्या हाताखालचं कोणी असं बोललं असतं तर मी त्याला मशीनवरून उतरवलं असतं.

तू माझ्याकडे बघितलंस. तोंड उघडलंस आणि मिटलंस. मला वाटलं, हरला. आत कुठेतरी बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू. मंडळाच्या सेक्रेटरीने कार्ड उचललं, तू काडतूस रुमालात गुंडाळलंस, आणि पुस्तकाचं काही जाहीर झालंच नाही. पुढे तुमच्या टॉवरमध्ये कोणी थाप मारली की म्हणायला लागले, "आबांचा रणगाडा आला बघ." लिफ्टमध्ये, मीटिंगमध्ये, पोरंसोरंसुद्धा. एकदा तुझ्यासमोर कोणीतरी म्हणालं आणि मी हसलो. तू लिफ्टचं बटण दाबत राहिलास. ती आधीच येत होती तरी दाबत राहिलास.

तरी तू मला तोडलं नाहीस. गुरुवारचा चहा चालू. मला वाटलं, मोठ्या मनाचा आहे, विसरला. आणि आता मागे बघतो तर एकेक गोष्ट अंगावर येते. एकदा सहज विचारलंस, "मोन्या, तुमच्या स्टोअरमधून ड्रिल काढायला चिठ्ठी लागायची ना रे?" मी लगेच सुटलो. स्टोअरकीपर किती खडूस, चिठ्ठीवर सुपरवायझरची सही कशी लागायची, अर्धा तास. तू ऐकत होतास, हातात कप तसाच. मी थांबलो तेव्हा म्हणालास, "मग? चिठ्ठी नसली की काय करायचास?" मी म्हणालो, "जुगाड करायचो यार, अजून काय." तू मान हलवलीस. आणि वाट बघितलीस. आता कळतंय की वाट बघितलीस.

आणि गेल्या खंडेनवमीला फोन केलास. "पूजेला ये. काडतूस पुजणार आहे." मी म्हणालो, "कुठलं, ते मशीनगनचं?" आणि खो खो हसलो. तू म्हणालास, "ये तर खरा." गेलो नाही. गुडघा दुखतोय म्हणालो. गुडघा दुखत नव्हता.

परवा तेराव्याला पानं उठली, पाहुणे पांगले, आणि वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. पलंगावर एक फाइल, रुमालात काडतूस, आणि त्याच्या शेजारी सागवानाचा एक ठोकळा. म्हणाल्या, "हा माळ्यावरच्या ट्रंकेत होता. घर बदलताना वेगळा पडला होता. ह्यांनी सांगून ठेवलं होतं, तिन्ही एकत्र मोहनला द्यायची."

ठोकळा मी ओळखला. मीच केला होता तो, नोकरी लागली त्या वर्षी, तुझ्या आईसाठी. तुझी आई एकदा मला ओट्यावर गाठून म्हणाली होती, "मोहना, ह्येचा कायतरी कर रे. देवापुढे गोळी म्हणान नको माका ती. उदबत्ती लावूक होया." मी ठोकळ्याला भोक पाडलं, काडतूस त्यात उभं केलं, वाळू भरली, आणि आईंनी उदबत्ती लावली. एवढं मला आठवतच होतं. त्यात विसरण्यासारखं काय?

वहिनी दारात उभ्या. मी काडतूस उचललं आणि ठोकळ्यात बसवलं. हाताने जरा दाबलं, आणि ते टक् करून बसलं. घट्ट. आणि सुध्या, माझ्या हाताला आठवलं. डोक्याला नाही, हाताला. त्या दिवशी ते असं बसलं नव्हतं. अडलं होतं. बुडाशी कड होती, ती भोकाच्या तोंडावर अडली. भोक मोठं करायचं तर मोठा ड्रिल हवा, मोठ्या ड्रिलला चिठ्ठी हवी, आणि जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या लेथवर घरचं काम करणाऱ्याला चिठ्ठी कोण देणार? लाकूड मोठं करता येईना, म्हणून मी काडतूस लेथवर धरलं आणि कड उडवली. एक कट. मग ते सरळ उभं राहीना म्हणून बूडही सपाट केलं, अक्षरांसकट. दोन मिनिटांचं काम. चाळीतल्या निम्म्या घरांची असली कामं मी करायचो, कुणाच्या स्टोव्हचं, कुणाच्या पोळपाटाचं. विसरलो. साफ विसरलो.

ठोकळा उलटा केला. खाली माझा पंच, हातोडीने ठोकलेला ठसा. आमच्यात ज्याचं काम त्याचा पंच, चुकलं तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून. एम, आणि शेजारी सात. अगदी ठळक, जोरात मारलेला.

वहिनी हळूच म्हणाल्या, "आठवलं?"

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"ह्यांना माहीत होतं भावजी. प्रदर्शनाच्या वेळीसुद्धा. तेव्हा तुम्ही ठोकळा करून घेऊन आलात त्या दिवशी हे घरात होते. सासूबाईंनी बोट फिरवून विचारलं होतं म्हणे, कड खंय गेली. आणि तुम्ही म्हणालात, आता कशी गुळगुळीत झाली बघा."

"मग बोलले का नाहीत? तिथल्या तिथे माइकवर तोंडावर मारायचं ना माझ्या!"

"मी पण तेच म्हटलं. तर म्हणाले, चाळीस माणसांसमोर मोहनला खाली बघायला लावू? त्याचं काम आहे, त्याला आठवेल. आठवलं की तो स्वतः येईल."

अरे गाढवा! हा तुझा मास्तरपणा! वर्गातसुद्धा तू असाच होतास, पोरगं फळ्यापुढे दहा मिनिटं उभं राहिलं तरी उत्तर सांगायचं नाही. पोरांचं ठीक आहे रे, त्यांना आयुष्य पडलेलं असतं. आपली सत्तरी उलटलेली. मी किती गुरुवार तुझ्यासमोर बसून बिस्किटं बुडवली, एकदा कानाखाली वाजवून सांगितलं असतंस तर काय गेलं असतं तुझं? मी रडलो असतो, दुसऱ्या दिवशी टॉवरच्या गेटवर उभं राहून सगळ्यांना ओरडून सांगितलं असतं. आबांचं नाव चार वर्षं लिफ्टमध्ये वरखाली झालं, ते तर झालं नसतं. तू माझी लाज राखलीस आणि त्यासाठी बापाची जाऊ दिलीस. हे मला तुझ्याशी भांडायचंय, आणि तू नाहीस.

नाही, थांब. तुझ्यावर ढकलतोय मी. चूक माझी आहे. तू दार उघडं ठेवलं होतंस. मी आलो नाही.

फाइल मी रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली. हिंमत होत नव्हती. तुझं पुस्तक. सगळं झालंय, टाइप करून, पानांना नंबर घालून. आणि त्यात ते आहे जे तू मला कधी बोलला नाहीस, किंवा बोलला असशील आणि मी रणगाड्याच्या पत्र्याची जाडी सांगत बसलो असेन. की आबांना आयुष्यभर तो आतला माणूस छळत होता. तो किती वर्षांचा असेल, त्याला पोरं असतील का, हे ते तुझ्या आईला विचारायचे, जसं काही तिला माहीत असणार. म्हणून तिला उदबत्ती हवी होती. ती देवासाठी नव्हतीच. रोज सकाळी एक, त्या रणगाड्यातल्या अनोळखी माणसासाठी, त्याला मारलेल्या त्याच पितळेत उभी. आणि मी माइकवर सांगितलं की आबांनी ते कुठून तरी उचललं. म्हणजे तो रणगाडाच नव्हता, तो माणूसच नव्हता, आणि तुझी आई इतकी वर्षं कोणासाठी उदबत्ती लावत होती ते देव जाणे.

शेवटचं पान कोरं आहे. वर फक्त मथळा, तुझ्या अक्षरात: "मोहनचं म्हणणं." त्याखाली काही नाही.

आधी मला वाटलं, टोमणा मारलास. मग कळलं. मुलाने बापाबद्दल सांगितलेलं कोण मानणार? आई-आबा गेले, चाळ गेली. कड होती हे शपथेवर सांगणारा जगात एकच माणूस उरला होता, ज्याने ती काढली तो. पुस्तक त्या एका पानासाठी अडून होतं.

काल मंडळात जाऊन आलो. सेक्रेटरीला म्हणालो, येत्या गणपतीत ते काडतूस पुन्हा मांडायचं, ठोकळ्यासकट, आणि माइक मला हवा. तो म्हणाला, "काका, जाऊ द्या ना, जुनं झालं." मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही. माइक मिळणार आहे.

ठोकळा सध्या माझ्याकडे मुलुंडला आहे. वाळू नवीन घातली. आज सकाळी दोन उदबत्त्या लावल्या, त्या इटालियन माणसाला एक आणि तुला एक. बायको विचारते, तिसरी आबांना का नाही? म्हटलं, आबांना उदबत्ती नको. त्यांना मी जे द्यायला हवं ते वेगळं आहे.

ते पान आज लिहिलं. चार कागद फाडले. मोठं मोठं लिहीत होतो, माफी, दोस्ती, काय काय. तुला आवडलं नसतं. शेवटी तुझ्या वर्गातल्या पोरासारखं, विचारलंय तेवढंच लिहिलं. बघ बरोबर आहे का:

"मोहनचं म्हणणं. कड होती. मी माझ्या हाताने काढली. आबा खरं बोलत होते."

खाली सही केली नाही. पंच अजून आहे माझ्याकडे. एम आणि सात. तो मारलाय, जोरात.